पाठीकडून मूर्ती वाचावी: सहाव्या ते बाराव्या शतकातील छोट्या धातुमूर्ती तपासण्याची पद्धत

तळहातावर मावणारी जुनी ओतीव मूर्ती समोर आली की बहुतेक जण आधी चेहरा पाहतात, मग हात आणि आयुधे मोजतात, आणि लगेच देव, प्रदेश व शतक ठरवून मोकळे होतात. हा क्रम उलटा केला तर चुका निम्म्याने कमी होतात. चेहरा रोजच्या पूजेत झिजतो, कधी पुन्हा कोरला जातो, आणि नकला करणाराही सगळी मेहनत चेहऱ्यावरच खर्च करतो. पाठ, पिठाचा तळ आणि सांधे यांकडे कुणाचे लक्ष नसते, त्यामुळे तिथल्या खुणा शाबूत राहतात.

पुढची पद्धत सहाव्या ते बाराव्या शतकातील तांबे, पितळ आणि काशाच्या छोट्या मूर्तींसाठी आहे. संग्रहालयात नोंदी करणारे, मंदिरातल्या वस्तूंची यादी करणारे आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या एखादा जुना देव असलेले, अशा कुणालाही ती वापरता येईल. मात्र देवघरातले टाक, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा या वस्तू बहुधा गेल्या दोन-तीन शतकांतल्या असतात. त्या हजार वर्षांपूर्वीच्या निघतील या आशेने तपासणी सुरू करू नये.

१. हात लावण्यापूर्वी

टेबलावर फोमचा जाड तुकडा, त्यावर धुतलेले पांढरे सुती कापड. हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोजे टाळावेत, कारण मूर्ती निसटते आणि सुटलेल्या कपच्यांत धागे अडकतात. मूर्ती उचलताना एक हात पिठाखाली आणि दुसरा धडाला. प्रभावळ, छत्र किंवा हात धरून कधीही उचलू नये. जुन्या मूर्तींत हे भाग अनेकदा वेगळे ओतून खुंटीने बसवलेले असतात आणि खुंटी आतून गंजलेली असते.

आणि धुवायची नाही. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नको. आम्लाने पितळेच्या पृष्ठभागातले जस्त निघून जाते आणि तांबूस-गुलाबी थर उरतो. मग डोळ्यांना तांबे दिसते, नोंदीत ‘तांब्याची मूर्ती’ असे जाते आणि पुढचे सगळे निष्कर्ष त्या चुकीवर उभे राहतात. शिवाय उथळ कोरलेला लेख दोन-चार घासण्यांतच पुसट होतो.

२. वजन आणि मापे

एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा आणि प्लास्टिकच्या जबड्यांचा व्हर्नियर कॅलिपर एवढे पुरे. एकूण उंची, पिठाशिवाय उंची, पिठाची रुंदी व खोली, प्रभावळीची जाडी आणि तळाशी दिसणारी भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी. वजन नेहमी नोंदवावे. चोरी, अदलाबदल किंवा नंतर झालेली दुरुस्ती वजनावरून पटकन लक्षात येते.

भरीव की पोकळ, याचा अंदाजही वजन देते. भरीव पितळ-काशाचे १०० घनसेंटिमीटर सुमारे ८५० ते ८९० ग्रॅम भरतात. आकारमानाच्या मानाने वजन बरेच कमी असेल तर आत पोकळी किंवा मातीचा गाभा (पोकळ मूर्ती ओतताना मेणाच्या आत ठेवलेला मातीचा गोळा) आहे. पाण्यात बुडवून घनता काढण्याची शाळेतली रीत मात्र इथे वापरू नये. गाभ्याची माती पाणी पिते, ते आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहते आणि आतले क्षार जागे करते.

एक लहान चुंबक कापडात गुंडाळून दोऱ्याला टांगावा आणि मूर्तीच्या पाठीजवळून फिरवावा. तांब्याच्या मिश्रधातूला तो ओढला जात नाही. एखाद्याच ठिकाणी ओढला गेला, तर गाभा जागेवर धरण्यासाठी घातलेली लोखंडी खीळ तिथे असावी. सगळीकडे ओढला गेला तर विषय तिथेच संपला.

३. तळ आणि पाठ

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. खुणा वाचायच्या तर मूर्ती कशी ओतली गेली हे माहीत हवे, आणि त्याचे उत्तम वर्णन दख्खनमध्येच लिहिले गेले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मेण वितळवून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. आधी मेणाची मूर्ती घडवायची. तिच्या पाठीवर, खांद्यावर किंवा मुकुटावर धोत्र्याच्या फुलासारख्या तोंडाशी पसरट नळ्या बसवायच्या. मेणाचे वजन करून ठेवायचे. मग बारीक वाटलेल्या मातीत जळका कोंडा, कापसाचे अगदी बारीक तुकडे आणि थोडे मीठ घालून तीन लेप द्यायचे. पहिला पातळ, तो सावलीत वाळू द्यायचा, दोन दिवसांनी दुसरा, आणि शेवटचा जाड. नंतर तापवून मेण काढून टाकायचे आणि तापलेल्या साच्यात धातूचा रस अखंड धारेने ओतायचा.

धातू किती घ्यायचा याचे प्रमाणही तिथे आहे. मेणाच्या वजनाच्या आठपट तांबे किंवा पितळ, बारापट चांदी, सोळापट सोने. मेण आणि तांब्याच्या घनतांचा हिशेब केला तर उत्तर नऊपटीच्या आसपास येते. म्हणजे आठपट हे प्रमाण फार काटकसरीचे आहे. मुशीत चिकटून राहणारा धातू आणि नळ्यांत अडकणारा भाग धरला तर दहापट घेणे सुरक्षित. रस कमी पडलेल्या किंवा वाटेत गोठलेल्या मूर्ती आजही संग्रहालयांत दिसतात.

आता खुणा. बोट किंवा आयुधाचे टोक नसेल तर भिंगातून कडा पाहावी. कडा गोलसर, गुळगुळीत आणि बाकी अंगासारख्याच रंगाची असेल तर ते बोट तुटलेले नाही. रस तिथे पोहोचण्याआधी गोठला आणि ते मुळात तयारच झाले नाही. कडा दातेरी आणि दाणेदार असेल तर ते नंतर मोडले. हा फरक नोंदीत लिहायलाच हवा, कारण ‘भग्न’ हा शेरा एकदा पडला की तो पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जातो.

भोके दोन प्रकारची असतात. आतून गुळगुळीत आणि गोल असेल ते वायूचे. ओलसर साच्यात वाफ झाली किंवा वितळलेल्या धातूने शोषलेला वायू थंड होताना बाहेर पडला, की ती तयार होतात. वेडीवाकडी, खरखरीत आणि बहुधा जाड भागात असतात ती आकुंचनाची. जाड भाग सर्वांत शेवटी थंड होतो आणि तोवर त्याला पुरवठा करणारी नळी गोठलेली असते. वायू वर चढतो, त्यामुळे अशी भोके जिथे दाट असतील ती बाजू ओतताना वर होती. बहुतेक छोट्या मूर्ती उलट्या, म्हणजे पीठ वर करून ओतत, म्हणून भोकांची गर्दी पिठात सापडते. डोक्यात सापडली तर ओतण्याची दिशा वेगळी होती आणि नळीची खूण मुकुटावर शोधावी.

पाठीवर किंवा काखेत कागदाइतकी पातळ उभी कड दिसली तर लेप वाळताना तडकला होता आणि फटीत रस शिरला होता. लेप सावलीत वाळवायला सांगितला आहे तो यासाठीच. उन्हात वरचा थर आधी आक्रसतो आणि माती फुटते. दर्शनी बाजूची अशी कड कारागीर छिन्नीने काढून टाकी, पाठीवरची राहून जाई. चौकोनी किंवा आयताकृती ठिगळ दिसले तर ते बहुधा मूळचेच आहे. गाभा सरकून भिंत पातळ झाली, भोक पडले आणि ओतीव तुकडा ठोकून ते बुजवले, असा त्याचा अर्थ.

तळ पाहताना पीठ आतून पोकळ आहे का, पाय किती, कडेला कड्या किंवा छिद्रे आहेत का, हे लिहावे. दक्षिणेत मूर्ती बहुधा भरीव ओतत, आणि पिठाच्या छिद्रांतून वा कड्यांतून दांडे घालून ती मिरवणुकीत नेत. बिहार-बंगालकडच्या पाल राजघराण्याच्या काळातल्या मूर्तींत पीठ खालून पोकळ, आखूड पायांचे, आणि प्रभावळ पाठीमागच्या खुंट्यांवर अडकवलेली असे पुष्कळदा दिसते. काश्मीर-स्वातकडच्या काही मूर्तींची पाठ चक्क उघडी असते. नेपाळी मूर्तींत सोन्याचा मुलामा समोर असतो आणि पाठ अनेकदा कोरी सोडलेली असते. तळावर पत्रा ठोकून बंद केलेला असेल तर तो उचकटू नये. आत प्राणप्रतिष्ठेच्या वेळी भरलेले धान्य, कागद किंवा दोरा असू शकतो, आणि तो पत्रा हाही पुरावाच आहे.

४. लेख शोधणे आणि वाचणे

लेख असेल तर तो पिठाच्या मागच्या बाजूला, प्रभावळीच्या पाठीवर किंवा पिठाच्या खालच्या पट्टीवर सापडतो. कॅमेरा स्टँडवर पृष्ठभागाच्या अगदी समोर ठेवावा, खोली अंधारी करावी आणि टॉर्च पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांच्या कोनात धरावा. टॉर्च आठ दिशांनी फिरवून आठ फोटो घ्यावेत. एका फोटोत बुडालेली रेघ दुसऱ्यात उठून येते. खडूची पूड, कुंकू किंवा शाई भरून अक्षरे उठवू नयेत. ओला कागद दाबून ठसाही घेऊ नये.

बौद्ध मूर्तींवर एक सोय असते. ‘ये धर्मा हेतुप्रभवा हेतुं तेषां तथागतो ह्यवदत्’ हे वचन ठरलेले असल्याने कुठले अक्षर कुठे असणार हे आधीच ठाऊक असते. पुसट लेखातही य, ध, त, भ, ह यांची वळणे वेगळी काढता येतात आणि ओळखीच्या लेखांशी ताडून काळ ठरवता येतो. आधी वचन वगळून उरलेला मजकूर पाहावा. ‘देयधर्मोऽयं’ (हे धर्मदान) याच्या पुढे दात्याचे नाव येते. गया जिल्ह्यातल्या कुर्किहार इथे १९३०मध्ये सापडलेल्या साठ्यात पाल राजांची राज्यवर्षे आहेत, आणि कांचीहून आलेल्या दात्यांची नावेही आहेत. राज्यवर्ष मिळाले म्हणजे इसवी सन मिळाला असे नव्हे. त्या राजाच्या राज्यारोहणाच्या वर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद असतील तर तेवढी तफावत नोंदीत दाखवावी.

पश्चिम भारतातील जैन मूर्तींवर दाता, गच्छ किंवा कुल (जैन साधूंची शाखा), आचार्य आणि संवत यांची माहिती असते. विक्रम संवतातून ५७ वजा करावेत, आणि महिना वर्षाच्या अखेरीचा असेल तर ५६. शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवावेत. संवत की शक हे लिहिलेले नसेल तर लिपी आणि ठिकाण पाहून ठरवावे, सोयीचा आकडा निवडू नये. सर्वांत जुन्या लेखांत वर्ष नसतेच. बडोद्याजवळच्या अकोट्याला १९५१मध्ये ६८ जैन मूर्तींचा साठा निघाला. त्यातल्या एकीवर ‘ॐ देवधर्मोयं निवृतिकुले जिनभद्रवाचनाचार्यस्य’ एवढेच आहे. अक्षरवळण आणि आचार्यांची ओळख यांवरून ती सहाव्या शतकातली मानली जाते. हाती येणाऱ्या संवत असलेल्या छोट्या जैन मूर्ती बहुसंख्येने पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या निघतात, हेही ध्यानात असू द्यावे.

५. धातू

उघड्या डोळ्यांनी एवढेच लिहावे: ‘तांब्याचा मिश्रधातू’. पुढचे विधान क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राचा (क्ष-किरण टाकून धातूंचे प्रमाण सांगणारे, XRF) आकडा हाती असेल तरच. या तपासणीत मूर्तीला इजा होत नाही, पण यंत्र फक्त पृष्ठभाग वाचते. गंजामुळे पृष्ठभागावर कथील आणि शिसे वाढलेले दिसतात. म्हणून पाच-सहा जागी मोजावे आणि नैसर्गिक झिजेने चकाकणाऱ्या जागा निवडाव्यात. चकाकी हवी म्हणून खरवडू नये.

आकडे वाचताना कारागिराची अडचण डोळ्यांपुढे ठेवावी. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, दाटसर वाहते आणि वायू शोषते. दहा टक्के कथील घातले की वितळणबिंदू हजार अंशांच्या जवळ येतो. शिसे घातले की रस बारीक जागेत सहज शिरतो, पण ते तांब्यात विरघळत नाही, थेंबांच्या रूपात विखुरलेले राहते. मग नेपाळचे कारागीर जवळजवळ शुद्ध तांबे का वापरत? पाऱ्यात सोने मिसळून मुलामा देताना शिशाने काळे डाग पडतात. शिवाय शुद्ध तांबे मऊ असल्याने छिन्नी छान चालते. काश्मिरात उलट परिस्थिती. तिथे जस्ताचे प्रमाण चांगले असलेली पितळ आणि डोळ्यांत चांदी.

जस्ताची एक मर्यादा कामाची आहे. जुन्या पद्धतीत जस्ताचे खनिज, कोळसा आणि तांबे एकत्र तापवून पितळ करत. त्यात जस्त सुमारे २८ टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. त्याहून बरेच जास्त, समजा ३५ टक्के निघाले, तर धातुरूप जस्त मिसळलेले आहे, आणि ‘आठवे शतक’ या दाव्याला फार भक्कम आधार हवा. ‘पंचधातू’ आणि ‘अष्टधातू’ ही लेबले विक्रेत्यांना प्रिय असतात. प्रत्यक्ष विश्लेषणांत सोने-चांदी आढळलीच तर बहुधा अत्यल्प असते.

६. झीज, पुटे आणि नकला

पूजेची झीज कुठे होते? बोट, कापड आणि गंध जिथे पोहोचतात तिथे: नाक, हनुवटी, गुडघे, छाती, पिठाची पुढची कड. मांडीमागची खोबण, काख, कानामागची जागा यांत मूळ छिन्नीच्या खुणा तीक्ष्ण राहायला हव्यात. खोबणीही उंचवट्यांइतकीच गुळगुळीत असेल तर झीज यंत्राने किंवा आम्लाने आणलेली आहे.

खऱ्या जुन्या गंजाचे थर असतात. धातूला लागून लालसर क्युप्राइट, त्यावर हिरवे मॅलाकाइट. कपची निघालेल्या जागी भिंगातून हा क्रम दिसतो. रंगवलेले हिरवे थेट पिवळ्या धातूवर बसलेले असते आणि सगळ्या खोबणींत सारखेच भरलेले असते. तळाकडच्या न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा कापूस टेकवला की ते बहुधा उतरते. मुलामा किंवा रंगाचे मूळ अंश दिसत असतील तर हा प्रयोग करू नये.

मेणाच्या साच्यातून एकेक मूर्ती निघते, तिला दोन अर्धांच्या जोडाची रेघ नसते. खांद्यापासून पिठापर्यंत सरळ जाणारी रेघ, किंवा पृष्ठभागावर विखुरलेले मोहरीएवढे आणि त्याहून बारीक गोल फुगवटे दिसले तर आधुनिक साचा समजावा. मूळ मूर्तीचा रबरी साचा घेऊन केलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते, कारण मेण आणि धातू दोन्ही आक्रसतात. प्रकाशित मापे असतील तर ती इथे उपयोगी पडतात.

७. आता चेहरा

शेवटी प्रतिमाशास्त्र आणि शैली. तीर्थंकर धोतर नेसलेला असेल तर श्वेतांबर परंपरा. सोबत सर्वानुभूती यक्ष आणि अंबिका हे जोडपे असेल तर पश्चिम भारताची सुरुवातीची परंपरा डोळ्यांपुढे आणावी. तुलनेसाठी जवळची ठिकाणे कमी नाहीत. जळगाव जिल्ह्यातील चहार्डीची चोवीस तीर्थंकरांसह ऋषभनाथाची मूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिणीच्या जैन मूर्ती आणि रामटेकजवळच्या हमलापुरीचे बुद्ध नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. बऱ्हाणपूरजवळच्या फोफनार इथे १९६४मध्ये मिळालेले सात बुद्ध दिल्लीला आहेत. हे बुद्ध इथे घेतलेल्या काळाच्या थोडे आधीचे, वाकाटकांच्या वळणाचे आहेत. छत्तीसगडच्या सिरपूर इथे १९३९मध्ये मिळालेला साठा दख्खन, मध्य भारत आणि पूर्वेकडच्या कामाच्या तुलनेसाठी फार मोलाचा आहे.

चांदीच्या डोळ्यांवरून एकदम ‘काश्मीर’ म्हणू नये. सिरपूर, बिहार, गुजरात या सगळीकडे ते आहेत. सापडल्याचे ठिकाण म्हणजे घडवल्याचे ठिकाण, हेही गृहीत धरू नये. या मूर्ती झोळीत मावतात. सुमारे ८.४ सेंटिमीटर उंचीचा वायव्य भारताकडचा बुद्ध स्वीडनमधल्या हेल्गो बेटावरच्या उत्खननात निघाला. आणखी आधीच्या काळातला पोसायडन हा ग्रीक समुद्रदेव कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडला. नोंदीत ‘सापडले’ आणि ‘घडवले’ असे दोन वेगळे रकाने हवेत, आणि दुसऱ्यात ‘बहुधा’ लिहायला संकोच करू नये.

८. ठेवण

फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी खळग्यांत दिसली, पुसली तरी काही दिवसांत पुन्हा आली, तर तो काशाचा रोग. धातूतले क्लोराइड दमट हवेत पुन्हा पुन्हा आम्ल तयार करते आणि तांबे पोखरत जाते. अशी मूर्ती लगेच वेगळी करावी. हा संसर्ग नव्हे, पण एकाला दमटपणा लागला तर शेजारच्यालाही तीच हवा आहे. घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, दर लिटर मोकळ्या जागेमागे सुमारे २० ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी ठेवावी. आर्द्रता ४० टक्क्यांखाली हवी. कोकण-गोव्यात पावसाळ्यात जेल लवकर दमते. आठवड्याला पट्टी पाहावी, रंग बदलला की जेल बदलावे. बेंझोट्रायझोलचे (गंज रोखणाऱ्या रसायनाचे) उपचार संवर्धकाकडूनच करून घ्यावेत.

नवे प्लायवूडचे कपाट, वर्तमानपत्र, रबरबँड, लोकर हे सगळे दूर ठेवावे. पहिल्या दोघांतून आम्ल सुटते, शेवटच्या दोघांतून गंधक.

९. कायद्याची बाजू

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायदा, १९७२ खाली येते. धातूची शिल्पे नोंदणीच्या यादीत आहेत. नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह अर्ज करावा लागतो, आणि मालकी दुसऱ्याकडे गेली तर तेही कळवावे लागते. परवान्याशिवाय व्यापार चालत नाही, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला ‘घरचा देव’ म्हणून बॅगेतून देणे हेही यातच मोडते.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना मूर्ती निघाली तर १८७८चा भूमिगत निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. तोवर जागा खणत राहू नये. मूर्ती जशी होती तशी, मातीसकट, मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. खोली आणि जवळच्या विहिरीपासूनचे किंवा बांधापासूनचे अंतर लिहून घ्यावे, आणि सोबत निघालेले खापराचे तुकडे वेगळ्या पिशवीत घालून त्यावर तारीख व गट क्रमांक टाकावा.